खंडेनवमीची परीक्षा

“सयाजी, आधी ज्योत शांत कर, मग लोखंडाकडं बघ.”

गोदीतल्या म्हाताऱ्या उस्ताद कोंडाजीचा हा आवाज ऐकून पंधरा वर्षं झाली होती. कोंडाजी गेला, गोदी सुटली, सयाजी मास्तर महाडला कारागिरीच्या वर्गावर गॅस वेल्डिंग शिकवायला आले. पण डोकं तापलं की तो आवाज कानाशी यायचाच. आज सकाळपासून तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा मास्तर मनात म्हणाले होते, “कोंडाजीबाबा, तुमच्या नशिबात हे सात जण नव्हते.”

सात जण म्हणजे वर्गाची पहिली तुकडी. सावित्री नदीकाठचे भातवाले नि पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवरचे गुरंवाले. नांगर धरलेल्या हातांना मास्तरांनी वर्षभर वेल्डिंगची टॉर्च धरायला शिकवलं होतं. सांधा पडावा तर वेणीसारखा, पेड मोजून घ्यावेत! तसा सांधा घालणारा एकच होता, कापडे गावचा मालोजी. मालोजीच्या हाती ज्योत अशी निवांत असायची, जशी देव्हाऱ्यातली वात.

आज परीक्षा होती. तारीख ठरवणाऱ्यानं पंचांग उघडलं नव्हतं; दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. मुंबईचे परीक्षक साहेब नऊच्या एसटीनं उतरले. नावं टंकून आणलेली प्रमाणपत्रं त्यांनी एकेकाच्या हाती दिली.

“आपापलं नाव नीट तपासून घ्या. पास झाल्यावर एकदा सही-शिक्का झाला की बदल नाही.”

मालोजीनं कागद दोन्ही हातांत धरला, फार वेळ वाचला, आणि परत केला.

मास्तर साहेबांना चहाला घेऊन गेले. अर्ध्या तासानं परत येतात तर काय, टॉर्च, नळ्या, हातोड्या, चिमटे सगळं घोंगडीवर मांडलेलं, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्तीचा धूर. समोर मालोजी हात जोडून. बाकी सहा रांगेत.

“हे काय रे?” मास्तर ओरडले.

“नवमी हाय, मास्तर,” डोंगरावरचा नाथू म्हणाला. “हत्यारं पुजली. आता उद्या सोनं लुटल्यावरच हात लावायचा.”

“उद्या? साहेब काय तुझ्या गोठ्यात वस्तीला राहणार?”

“राह्यले तर दूध देऊ की.”

साहेब हसले नाहीत. “मास्तर, माझी चारची एसटी आहे. आज निदान चौघे पास झाले नाहीत, तर हा वर्ग दुसऱ्या तालुक्याला जाणार. वरून तसं ठरलं आहे.”

वर्ग गेला तर पुढच्या साली इथल्या पोरांना हे कोण शिकवणार? मास्तरांनी दात-ओठ खात कोपऱ्यातली पेटी ओढली. पेटीत जादा टॉर्च होती, तिची पूजा कुठली व्हायला? फडकं सोडलं. टॉर्चच्या नाकावर कुंकू! चकमकीवर कुंकू. नोझल साफ करायच्या तारेवर कुंकू. खडूच्या तुकड्यावर कुंकू. पाण्याच्या बादलीच्या कडीलासुद्धा कुंकू!

“अरे, बादली काय हत्यार आहे?” मास्तर गरजले.

“लोखंडाची हाय,” मालोजी खाली बघत पुटपुटला.

मास्तर मटकन पेटीवर बसले. रागाच्या धुरातूनही त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली. भक्ती इतकी कसून कोणी करत नाही. पळवाट बुजवणारा माणूसच पेटीच्या तळापर्यंत जातो.

सगळ्यांत वडील भागोजी खाकरला. “मास्तर, अडेल असं काय नाय. उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, हत्यार जाग्यावरून हलवायचं. मग वापरा खुशाल. देव काय अडून बसत नाय.”

“मग हलव ना बाबा!”

“मी कसा हलवू? पूजेला बसला त्यानंच हलवायची.”

सहा माना मालोजीकडं वळल्या. मालोजी घोंगडीकडंच बघत राहिला.

“हलव रे,” नाथू म्हणाला.

“नाय.”

“अरे, चिपळूणच्या गॅरेजवाल्यानं मला बोलावलंय. कागद दाखव म्हणतो. तू हटून बसलास तर मी काय दाखवू, म्हशीची शेपटी?”

“नाय म्हटलं ना.”

मास्तर उठले. आवाज चढवायचा होता, पण तो खालीच आला. “मालोजी, वर्षभर तुझा हात बघून मी रात्री सुखानं झोपलो रे. म्हटलं, चार पास होवोत न होवोत, एक तरी माझा निघाला. आणि तूच सगळ्यांच्या वाटेत आडवा? कशासाठी?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. नाथूनं तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले. ते मालोजीनं पाहिलं.

तो पुढं झाला. वाटीतल्या अक्षता चिमटीनं घेऊन घोंगडीवर टाकल्या, टॉर्च दोन बोटं सरकवली, मग उचलून नाथूच्या हातात दिली.

“घे. आधी तू.” आणि साहेबांकडं वळून म्हणाला, “सहा जणांची घ्या, साहेब. मला सोडा.”

“का बरं? यादीत तुमचं नाव आहे.”

“ते माझं नाय.” त्यानं हात जोडले, ते साहेबांना नव्हे, मास्तरांना. “वर्गाला सातवी पास पाहिजे होता. मी चौथीतनं सुटलेला. धाकट्या भावाचा दाखला घेऊन आलो. तो ट्रकवर गेला, त्याला हे नको होतं. वाटलं, शिकून घेऊ, नावाचं पुढं बघू. आज कागदावर ते नाव बघितलं, शिक्का पडला की ते कायमचं; म्हटलं, पूजेच्या आडून परीक्षाच टळावी… मास्तर, मालोजी माझा भाव. मी महिपती.”