तीळ धरून

तेवीस फोड होते. सगळे मावशीच्या पाठीच्या डाव्या बाजूला, कण्यापासून काखेखालपर्यंत एका पट्ट्यात. अठरा पाण्याने भरलेले, पाच नुसतेच लाल. भाचीने दोनदा मोजले आणि वहीत वेळ टाकून आकडा लिहिला.

"चोवीस असतील," मावशी शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

"तेवीसच. एक तीळ आहे."

"तुझी आई तो धरायची."

पंचावन्न वर्षांपूर्वी आधी आईला कांजिण्या आल्या आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तिच्याकडून मावशीला. आई नऊची, मावशी सातची. घरच्यांनी दोघींना एका खोलीत कोंडलं. उद्योग काय, तर सकाळी उठून एकमेकींच्या पाठीवरचे फोड मोजायचे आणि कपाटाच्या दारामागे खडूने आकडा लिहायचा. मावशीचा आकडा कायम एकाने फुगलेला. स्वतःची पाठ कुणाला दिसते? बाराव्या वर्षी दोन आरशांत बघितल्यावर तिला चोरी कळली, आणि त्यावरून दोघींचं झालेलं भांडण पुढे आयुष्यभर पुरलं.

आई जाऊन आता चार वर्षं झाली होती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिल्या फोडापासून बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करा, नाहीतर ठणका महिनोन्‌महिने पाठ सोडणार नाही. एकसष्ट तास उलटले होते. पाकीट टाचण्यांच्या डबीखाली तसंच पडून होतं.

"मावशी, आता तरी घे."

"घेते गं. एवढी कॉलर होऊ दे."

"काल पडदे होते, आज कॉलर. उद्या काय?"

"तोंड चालवण्यापेक्षा सुईत दोरा ओव, संशोधकबाई."

दोरा ओवून झाला तरी मशीन सुरू झालं नाही. मावशी कापडावरून नुसताच हात फिरवत राहिली.

"नागीण म्हणजे त्या कांजिण्यांचाच विषाणू, असं तूच म्हणालीस ना? म्हणजे हा तिच्याकडून आलेला. तिचे कपडे वाटून टाकले, चष्मा तू नेलास. माझ्याकडे तिचं एवढंच उरलंय. तेही मारून टाकू?"

प्रयोगशाळेत भाची याच विषाणूचे भाऊबंद बघायची. काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींच्या लांबच लांब तंतूंमधून चमकणारे ठिपके एकामागोमाग सरकायचे आणि ती त्यांचा वेग मोजायची. तिने मावशीच्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि पाठीला न टेकवता, कण्यापासून शेवटच्या फोडापर्यंत धरला. एकवीस सेंटिमीटर.

"तेव्हा तो तुझ्या कातडीतल्या चेतातंतूच्या टोकातून आत शिरला. तंतूच्या आत बारीक रूळ असतात आणि त्यावरून ओझी वाहणारे रेणू चालतात. त्यांच्या पाठीवर बसून तो कण्याजवळच्या गाठीत गेला आणि झोपला. आता त्यांच्यातले काही जागे झालेत, ते आल्या वाटेने परत बाहेर आलेत. सेकंदाला एक मायक्रॉन धरला, तर एवढ्या वाटेला अठ्ठावन्न तास."

"वीतभर जायला अडीच दिवस? मग तिचाच तो. शाळेत जाताना दर कुंपणाशी थांबायची, माझाही पहिला तास बुडवायची."

"गोळी फक्त वाढणाऱ्यांना अडवते. गाठीत जे झोपलेत त्यांना ती हात लावत नाही. ते तुझ्याकडेच राहणार."

"नक्की? का मला गोळी घ्यायला लावायचं म्हणून गोड बोलतेस?"

"नक्की. त्यांना तिथून हाकलणारं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही. आम्ही शोधतोय."

"शोधा सावकाश. माझी काही घाई नाही."

मावशीने कात्रीने पाकीट फोडलं आणि पाण्याबरोबर पहिली गोळी घेतली. बासष्टावा तास.

दुसऱ्या दिवशी सव्वीस फोड भरले, तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस. पाचव्या सकाळी मावशी खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसली. भाचीने दोनदा मोजलं, मग वही बाजूला ठेवून शिवणाचा खडू उचलला आणि कपाटाच्या दारामागे लिहिलं:

फोड अठ्ठावीस. नवे शून्य. तीळ धरून एकोणतीस.