तिन्हीसांजेचं उघडं दार

निरांजनाची ज्योत तळहाताच्या आडोशाला धरून माई पडवीत यायची, तेव्हा त्या इवल्या प्रकाशात तिची बोटं आतून लालसर दिसत आणि तिच्या ओठांतलं अस्फुट स्तोत्र बांगड्यांच्या किणकिणीत मिसळून जाई. माई म्हणजे माझी थोरली काकू. डोंबिवलीत, खाडीकडच्या शेतांच्या कडेला, आमची दोन बिऱ्हाडं एका भिंतीला टेकून होती. मागे कौलं, पुढे भिंतींनी बंद केलेली पत्र्याची पडवी, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर रचलेले दगड. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, वीज मात्र आमच्या आळीत अजून यायची होती.

कोकणातून येताना माईने सगळे रीतिरिवाज ट्रंकेतल्या लुगड्यांबरोबर घडी घालून आणले, असं काका तिला चिडवत. त्यातला एक तर अढळ. दिवेलागणीला लक्ष्मी येते, म्हणून त्या वेळी पडवीचं पुढचं दार सताड उघडं हवं. मग थंडी शिरो, डास शिरोत, शेजारचं मांजर दुधाला तोंड लावो, माई ढिम्म हलत नसे. त्या हट्टातही एक मार्दव होतं. येणाऱ्याला दारात ताटकळत ठेवू नये, इतकीच तिची साधी श्रद्धा होती.

मार्गशीर्षातला तो दिवस मात्र ऋतूलाच विसरलेला होता. थंडीच्या ऐन दिवसांत हवा घुसमटलेली, पान हलत नव्हतं. माईची एकुलती एक लेक शकू, नऊ वर्षांची, अंगात कणकण होती म्हणून वाऱ्याला पडवीत चटईवर निजली होती. सांज होता होता खाडीपलीकडचं आभाळ शाईसारखं काळवंडलं, पाखरं एकाएकी गप्प झाली आणि अंगावर काटा आणणारा गार झोत शेतं तुडवत आला. काका खिडक्या ओढून घेत ओरडले, “अगं, दार लाव आधी! वारा आत घुसतोय!”

“तिन्हीसांजेला दार लावतात का कुणी? दिवा दाखवते नि लावते.”

शकूला आत घ्यायला काका वळले, तेवढ्यात उघड्या दारातून शिरलेल्या वाऱ्याने पडवी फुगली आणि पत्रे आतून उचलले गेले. पत्रे शेतात जाऊन पडले. दगड खाली आले. त्यातला एक शकूवर पडला. साधी हाकही न मारता ती जागच्या जागी गेली.

माईला कुणी दोष दिला नाही. “वाराच तसा होता,” एवढंच काका म्हणाले आणि जन्मभर तेच म्हणत राहिले. त्यांच्या त्या दयेखाली माई पिचून गेली. खूप वर्षांनी तांदूळ निवडताना, मान वर न करता, ती मला म्हणाली, “एकदा तरी ते मला बोलले असते ना गं, तर मी रडले असते.”

त्यानंतर दिवेलागणीला आळीत तिचं एकटीचं दार बंद असे. वारा जरा वाढला की पदर खोचून ती घरोघर फिरायची, “दारं लावा गं. पोरांना पत्र्याखालून काढा, आतल्या भिंतीशी बसवा. चुली विझवा.” बायका तिच्यासमोर कड्या लावत आणि तिची पाठ वळली की लक्ष्मीसाठी दार पुन्हा उघडत. माझी आईसुद्धा त्यातलीच. मला त्यांचा संताप येई, अजूनही येतो.

माईला जाऊनही आता पुष्कळ पावसाळे उलटले. शकू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पण मी दहा वर्षांची झाले आणि ती माझ्याहून लहान झाली, पुढे माझ्या मुलींहूनही लहान झाली. काळ आम्हा सगळ्यांना पुढे नेत राहिला, तिला मात्र त्याने तिथेच ठेवलं, आणि तिच्या वाट्याला न आलेलं म्हातारपण माई आपल्या म्हातारपणाबरोबर एकटीच जगली.