बरणीतला फेस

अक्षतानं पाइपवर करवत टेकवली आणि रेटली. पांढरा भुसा गॅलरीभर उडाला, वाळत घातलेल्या चादरीवर बसला, तिच्या पापण्यांवर बसला. पाइप वाकडा कापला गेला. तिनं तो तुकडा कोपऱ्यात भिरकावला आणि नवी खूण केली.

"पाइप कापतेयस की सूड उगवतेयस?" हॉलमधून सासऱ्यांचा आवाज आला.

"दोन्ही."

पोपटरावांनी तोंडासमोरचा पेपर खाली केला नाही. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेली; पाण्याबद्दल आपल्याला कुणी काही शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

"समुद्राची एवढी हौस असेल तर माणसानं रत्नागिरीला घर घ्यावं. कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर कसला समुद्र आणता?"

"हे तुमच्या मुलाला विचारा ना, बाबा."

"तो असता इथे तर विचारलं नसतं?"

हे मात्र खरं होतं. प्रज्ञेश इथे नव्हता. हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी त्याची, त्यातले मासे त्याचे, मीठ कालवून पाणी बदलायचं वेड त्याचं, आणि तो स्वतः टोरांटोला. कंपनीनं सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. ते सहा महिने कधीच उलटून गेले आणि तो विषय काढला की त्याचं नेटवर्क जायचं.

गेल्याच महिन्यात टाकीतलं यंत्र जळालं. प्रोटीन स्किमर. पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे, माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटून वर येते, तिचा फेस होतो आणि तो फेस वरच्या भांड्यात ओसंडतो. एवढंच त्याचं काम. पण ते थांबलं आणि पाणी बिघडत गेलं. तळाशी एक समुद्रफूल होतं, ते आक्रसून मेलं. त्याच्या लुसलुशीत पाकळ्यांत दिवसभर लोळणारा केशरी पट्ट्यांचा मासा आता काचेच्या कोपऱ्यात एकटा थरथरत उभा असायचा.

"नवीन मागवू नकोस," प्रज्ञेश फोनवर म्हणाला होता. "इथे चांगले मिळतात. येताना आणतो."

येताना! अक्षताच्या डोक्यात तिडीक गेली होती. आणि पुढच्याच फोनवर, "जाऊ दे, पंधरवड्यानं रविवारी आयुष येऊन टाकी घेऊन जाईल. तुला नाही जमायचं ते."

तुला नाही जमायचं. खराडीच्या ऑफिसात अख्खी टीम हाकणाऱ्या बाईला, इथे त्याच्या बापाचं पथ्यपाणी सांभाळणाऱ्या बाईला हा माणूस तिकडे बसून सांगतो, तुला नाही जमायचं! म्हणून ती आज करवत घेऊन गॅलरीत बसली होती. टाकी जायची तर जाईल, पण जमलं नाही म्हणून जाणार नाही.

दिवेलागणीपर्यंत यंत्र उभं राहिलं. टाकीत उभा पाइप, त्याच्या बुडाशी हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र लाकडाचा ठोकळा, आणि वर भोक पाडून बसवलेली प्लास्टिकची बरणी. पोपटराव चष्मा वर करून बघायला आले.

"ही माझी लोणच्याची बरणी आहे."

"होती."

"त्या हौदापायी उद्या माझी ताटवाटीही न्याल."

टाकीला ते कधी टाकी म्हणत नसत. तिच्या जागी पूर्वी दिवाण होता, त्यांच्या पत्नीचा, सुंदराबाईंचा. शेवटच्या आजारपणात त्या तिथेच पडून असायच्या. त्या गेल्या आणि वर्षही झालं नव्हतं, तोच प्रज्ञेशनं दिवाण भंगारात काढून तिथे टाकीचं स्टँड बसवलं. "जागा नुसती अडून राहिली होती," असं म्हणाला होता. पोपटराव त्या दिवशी जेवले नाहीत आणि का जेवले नाहीत हे मुलानं विचारलंही नाही. तेव्हापासून तो हौद घराबाहेर काढा, हे त्यांचं रोजचं पालुपद होतं.

दोन-तीन दिवसांनी बरणीत फेस चढला. आधी पांढरा, मग पिवळट, मग चहासारखं घाण पाणी जमायला लागलं. अक्षतानं त्याचा फोटो प्रज्ञेशला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. पाणी निवळलं, पट्टेवाला मासा खाऊ लागला.

आणि पुढच्या आठवड्यात फेस बसला. सकाळी भरून आलेला असायचा, संध्याकाळी तिनं ऑफिसमधून यावं तर बरणी कोरडी ठणठणीत. बुडबुडे वर येत होते आणि फुटून जात होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिला वाटलं, बरणीत लोणच्याचं तेल राहिलं असणार. तिनं स्वतःला चार शिव्या हासडल्या आणि नवी बरणी बसवली. तरी संध्याकाळी फेस नाहीच. शेवटी तिनं प्रज्ञेशच्या त्या मित्राला, आयुषला, फोन लावला.

"वहिनी, बबल्स येतायत ना? मग पंप ओके आहे. कुठून तरी ऑइल जातंय पाण्यात. थेंबभर तेलानंही फेस मरतो. तसं, मी रविवारी येतोच आहे."

"ते बघू," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाला आलेल्या मैनाबाईवर ती तुटून पडली. "फोडणीचे हात टाकीत घातलेस का गं?"

मैनानं लाटणं पोळपाटावर आपटलं. "मला काय करायचंय ताई त्या माशांचं? तुमच्याआधी मी घराबाहेर पडते. दुपारच्याला इथं कोण असतंय, ते तुम्हाला ठाऊक हाय. उगं माझ्यावर आळ नको."

अक्षतानं ऑफिसची बॅग उचलली. दुपारी घरात एकच माणूस असतं. आणि ते माणूस रोज जेवण झालं की गुडघ्यांना महानारायण तेल चोळतं.

खराडीला पोचेपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हणजे हे मुद्दाम चाललंय! हौद जात नाही म्हणून त्यात तेल ओतायचं? मुक्या जिवांवर? बायकोच्या दिवाणाचा राग मुलावर काढायची हिंमत नाही, म्हणून माशांवर? मीटिंगमध्ये कोण काय बोललं, तिला काही समजलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं हाफ डे टाकला आणि स्कूटर काढली. अख्खं पुणं ओलांडताना सिग्नलला सिग्नलला ती एकच वाक्य घोटत होती. बाबा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. नाही, हे फार मऊ झालं. लाज नाही वाटत तुम्हाला? हे बरं होतं.

तिनं लॅचची किल्ली आवाज न करता फिरवली. तेलाचा वास दारातच आला.

पोपटराव टाकीला खुर्ची भिडवून बसले होते. लेंगा वर सरकवलेला, गुडघे तेलानं चकचकीत, बाटली स्टँडवर. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. अक्षतानं तोंड उघडलं.

पाण्यात पोपटरावांचा तळवा उताणा पसरला होता आणि त्यावर पट्टेवाला मासा आडवा पडला होता. बोटांच्या बेचक्यांत अंग घासत होता, जसा पूर्वी त्या फुलात घासायचा. पोपटरावांचा हात जराही हलत नव्हता. तोंड मात्र चालू होतं.

"येताना आणतो म्हणे. कधी येणार आहे हा? मला म्हणतो, बाबा, टाकी गेली की जागा होईल. जागा! आई पडून होती त्या जागेचं नाही वाटलं काही, आणि आता जागा सुचतेय. आणि ही येडी करवत घेऊन मरतेय." ते थांबले, पाठ जरा सरळ केली. "रविवारी तुला न्यायला येतोय कोणी. येऊ दे, बघतो मी कसा नेतो ते. हात अवघडला रे माझा. झालं का तुझं?"

मासा हलला नाही.

"बरं, राहा."

अक्षता मागच्या मागे बाहेर आली आणि दार हळूच ओढून घेतलं. खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर ती नुसती बसून राहिली. घोटून आणलेलं वाक्य अजून जिभेवरच होतं आणि राग तर तसूभरही उतरला नव्हता. तिनं टोरांटोला फोन लावला. तिकडे माणसं झोपलेली असतात हे तिला चांगलं माहीत होतं.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?" प्रज्ञेशचा झोपाळू आवाज.

"रोज विचारलंस तर समजेल. आयुषला सांग, रविवारी येऊ नकोस."

"म्हणजे फेस आला?"

"नाही आला."

"मग? अगं, मी काय म्हणत होतो, तुला नाही..."

"तू बोलूच नकोस," ती म्हणाली आणि फोन कापला.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला घरी आली. पोपटराव पेपरमागे होते. तेलाची बाटली स्टँडच्या आड सरकवलेली होती. बरणी कोरडी. तिनं चहा टाकला, एक कप त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, रविवारी आयुष येत नाहीये."

"का? हौद जायचा होता ना?"

"नाही जाणार."

"मला कुणी विचारलं?"

"नाही विचारलं."

पेपरचं पान उलटलं गेलं. अक्षतानं टाकीकडे बघत चहाचा घोट घेतला.

"आणि ते तेल दुपारी नका लावत जाऊ. रात्री झोपताना लावा."

"गुडघे माझे आहेत. मी कधीही लावीन."

"त्याला सोसत नाही."

कोणाला, असं पोपटरावांनी विचारलं नाही. पेपर खाली आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती तुला?" ते ओरडले. "इतके दिवस मी आपला रोज..."

वाक्य तिथेच अडकलं. ते हातावर जोर देऊन उठले, स्टँडआडची बाटली उचलली, आतल्या खोलीत नेऊन आदळली आणि बेसिनपाशी गेले. साबणाची वडी हातात घेतली.

"साबणही नको," अक्षता म्हणाली. "त्यानंही फेस मरतो. नुसत्या गरम पाण्यानं धुवा."

वडी परत जागेवर गेली.

"अजून काय काय नको, ते एकदाच सांगून टाक," पोपटराव म्हणाले आणि कोपरापर्यंत हात चोळत राहिले.