नूरबानोचे पुढचे दात

मित्रांनो, दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर जिच्यावर बसायला नको म्हणून तुम्ही आईचा हात घट्ट धरून ठेवता, ती खुर्ची मी. आता म्हातारी झाले आहे. मालवणच्या बाजारपेठेमागे एका दवाखान्याच्या पडवीत, फुटक्या कौलांखाली मी उभी आहे. माझं लाल रेक्झिन फाटलं आहे आणि आतला काथ्या कोंबड्यांनी उपसून नेला आहे.

एके काळी मी लखलखीत होते. मला वीज लागत नसे. पायाने दट्ट्या दाबला की मी वर जाई आणि सोडला की हळूच खाली येई. डॉक्टर सत्यवान प्रभूंनी मला ट्रकमधून आणलं, तेव्हा गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसांनी ताडपत्री उचलून विचारलं होतं, ही न्हाव्याची खुर्ची का? डॉक्टर ही गोष्ट प्रत्येक रोग्याला सांगत. रोगी हसला की त्याचं तोंड आपोआप उघडे.

डॉक्टरांचा एक नियम होता. इंजेक्शन देण्याआधी ते सांगत, "दुखला तर डावो हात वर कर. मी थांबतलंय." आणि ते खरोखर थांबत. खलाशी असो, मामलेदार असो, हात वर झाला की त्यांचा चिमटा जागीच थांबे. त्यामुळे मालवणची माणसं माझ्यावर विश्वासाने मान टेकत. माझं खूप कौतुक होई. माझ्यावर बसून लोक रडले, पण घाबरून पळालं कुणी नाही.

डॉक्टर वारले आणि दवाखाना त्यांच्या सुनेकडे, डॉक्टर दीपिकाकडे आला. दीपिका हुशार होती, तिचा हातही हलका होता. तिने विजेवर चालणारी नवी खुर्ची आणली आणि मला मागच्या खोलीत ठेवलं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. जुन्यांनी जागा करून द्यायचीच असते.

मग किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात देशभरातल्या दंतवैद्यांची परिषद भरायचं ठरलं. डॉक्टरांनी आपापलं ज्ञान एकमेकांना द्यावं, यासाठी ही परिषद होती. दीपिका तिची स्थानिक चिटणीस होती. व्याख्यानं, सोलकढी, किल्ल्याची सहल, सगळ्याची जबाबदारी तिच्यावर होती. सगळ्यात महत्त्वाचं होतं ते डॉक्टर बक्षींचं प्रात्यक्षिक. हे उत्तरेकडचे नावाजलेले प्राध्यापक मंचावर सर्वांसमोर एका रोग्याचे दात काढून लगेच नवे बसवून दाखवणार होते. मंचावर पाण्याची आणि हवेची नळी नेता येईना, म्हणून नव्या धर्तीची खुर्ची तिथे चालेना. दीपिकाला माझी आठवण झाली. मला पुसलं, तेल दिलं, टेम्पोत चढवलं. मित्रांनो, मला काय आनंद झाला होता!

पण ज्या रोग्याला ठरवलं होतं, तो सावंतवाडीहून आलाच नाही. त्याला ताप भरला. दीपिका घाबरली. सभागृह डॉक्टरांनी भरलेलं आणि मंचावर नुसती रिकामी खुर्ची. त्याच सकाळी दवाखान्यात नूरबानो येऊन गेली होती. ती बाजारात मासे विकायची, आणि तिचा नवरा याकूब होडीवर जायचा. नूरबानोची एक दाढ ठणकत होती. दीपिकाने तिला फोन केला, "भाबी, हॉटेलात ये. मोठे डॉक्टर इलेत, ते तुझी दाढ काढतले. दुखूचा नाय."

नूरबानो नवी साडी नेसून आली. याकूब बरोबर होता, पण त्याला आत सोडलं नाही. त्याच्या गळ्यात परिषदेचं ओळखपत्र नव्हतं. तो जेवणाच्या मंडपात वाढप्यांजवळ उभा राहिला.

ती माझ्यावर बसली, तेव्हा तिचे खांदे ताठ झाले होते. पण मला ओळखल्यावर ते सैल पडले. "ही तर मोठ्या डॉक्टरांची खुर्ची," ती पुटपुटली.

तिच्या तोंडासमोर कॅमेरा आणला आणि मागच्या पडद्यावर तिचं तोंड भिंतीएवढं दिसू लागलं. नूरबानोला लहानपणापासून मिश्री लावायची सवय. तिचे दात काळपट होते, पण पुढचे मजबूत होते. याकूबची जाळी विणताना ती त्याच दातांनी दोरा तोडत असे. पडद्याकडे बघून डॉक्टर बक्षी इंग्रजीत काहीतरी बोलले. सगळं सभागृह हसलं. नूरबानोला वाटलं, हसण्यासारखं काही बरं बोलले असतील. तीही हसली. मग सगळे दुप्पट हसले.

डॉक्टर बक्षींनी दाढेचं इंजेक्शन दिलं. मग पुढच्या दातांजवळही दिलं. नूरबानो बावरली. जीभ जड होण्याआधी ती दीपिकाला म्हणाली, "बाय, माका एकच दाढ काढूची आसा. पुढच्यांका हात लावू नकात. ते बरे आसत."

"काय म्हणते ही?" डॉक्टर बक्षींनी इंग्रजीत विचारलं.

दीपिकाने एकदा सभागृहाकडे पाहिलं. पहिल्या रांगेत परिषदेचे अध्यक्ष बसले होते. मग तीही इंग्रजीतच उत्तरली, "ती म्हणते, चालेल. पुढचे सगळे काढा."

मित्रांनो, हे वाक्य मी ऐकलं. नूरबानोला ते कळलं नाही. तिच्या तोंडात कापसाचे बोळे भरले गेले.

दाढ निघाली. मग चिमटा पुढच्या दातांकडे वळला आणि तिने डावा हात वर केला. हिरव्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. कुणी थांबलं नाही. डॉक्टर बक्षी हसून म्हणाले, "बघा, पेशंट आपल्याला नमस्कार करते आहे!" टाळ्या पडल्या. तिने हात हलवला, तशा टाळ्या आणखी वाढल्या. दुसऱ्या हाताची तिची नखं माझ्या रेक्झिनमध्ये रुतली.

तेवढ्यात दाराकडून आरडाओरडा ऐकू आला. मला मागाहून कळलं, बाहेरच्या मंडपातही एक पडदा लावला होता. तिथले वाढपी त्या काळ्या दातांची टवाळी करत होते आणि याकूबही त्यांच्याबरोबर हसत होता. पडद्यावर नुसतं तोंडच दिसत होतं ना! मग कॅमेऱ्यासमोर तो हात आला, आणि याकूब हातातलं सरबत सांडत दाराकडे धावला.

"तो हात माझ्या बायलेचो! सोडा माका आत! थांबूक सांगता ती!"

"ओळखपत्र दाखवा," दारावरचा माणूस म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.

सगळं आटोपल्यावर नूरबानोला पांढरे शुभ्र दात बसवले. फोटो काढले. तिचे ओठ सुजले होते. छायाचित्रकार म्हणाला, "हसा ना जरा." ती हसली. फोटो निघाल्यावर नकली दात विकणाऱ्या दुकानाचा एक माणूस मंचावर आला, त्याने ते दात तिच्या तोंडातून काढून पुसले आणि पुन्हा आपल्या काचेच्या पेटीत ठेवले. ते नमुन्याचे होते. डॉक्टर बक्षींचं विमान होतं, ते निघून गेले. मग दार उघडलं. याकूब आत आला तेव्हा सभागृहातले सगळे जेवायला गेले होते, आणि नूरबानो पदर तोंडाला लावून माझ्यावर एकटीच बसली होती.

परिषद फार गाजली. दीपिकाला मानपत्र मिळालं. मला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मानाने ठेवलं आणि माझ्या वरच्या भिंतीवर नूरबानोचा तो पांढऱ्या दातांचा फोटो टांगला. येणारे-जाणारे मला हात लावून बघत.

दीपिकाने पुढे नूरबानोला कवळी करून दिली, पण ती हिरड्यांना टोचे. कवळी काढली की शब्दांतून वारा सुटे. बाजारात टवाळ पोरं तिच्या टोपलीसमोर उभी राहून म्हणत, "भाबी, सुरमई म्हण गो!" तिच्या तोंडून "थुरमई" निघे. मग पोरंच कशाला, गिऱ्हाइकंही हसत. जिच्या आवाजावर सगळी मासळीबाजाराची गल्ली चाले, ती बाई बोटांनी भाव दाखवू लागली. पुढे तिने टोपली घेऊन बसणंच सोडलं.

एक दिवस ती याकूबला घेऊन दवाखान्यात आली. बाकावर जागा नव्हती, म्हणून माझ्यावर बसली. दीपिका बाहेर आली. नूरबानोने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलंही नाही.

"बाय, एकच इचारूचा आसा. त्या डॉक्टरान तुका इचारल्यान, तेव्हा तू काय सांगलंस?"

बाकावरची माणसं बघू लागली. दीपिका घरात मालवणीच बोलते. पण तेव्हा ती शुद्ध मराठीत म्हणाली, "गडबडीत मला नीट ऐकू आलं नव्हतं, भाबी. आणि ते दात हलतच होते. आज ना उद्या पडलेच असते."

"हलत नव्हते," नूरबानो म्हणाली. पण तिच्या तोंडून ते भलतंच काहीतरी आलं, आणि बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. दीपिकाने त्याला गप्प केलं नाही. तिने पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

"चल गो," याकूब म्हणाला. तो तिला हाताला धरून घेऊन गेला.

त्यानंतर दीपिकाला मी डोळ्यांसमोर नकोशी झाले. फोटो तसाच राहिला, पण मला पडवीत टाकलं. नूरबानो पुन्हा कधी आली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला तेल द्या. मला आता तेल देऊन काही उपयोग नाही. कोंबड्यांना हवा असेल तर उरलेला काथ्याही नेऊ द्या. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही शिकाल, दोन-चार भाषा बोलाल. मग कधीतरी एखादा असहाय माणूस तुमच्याकडे बघून बोलेल आणि दुसरं कुणी तुम्हाला विचारेल, काय म्हणतो हा? तेव्हा तो जे म्हणाला, तेच सांगा.