खाली जाणारा आवाज

थोरल्याने वूफर तिरका केला आणि बुडाशी हात घालून चाचपले. भोंगा तिथेच होता, जमिनीकडे तोंड करून.

“हाच द्या,” तो म्हणाला.

दुकानदार गिऱ्हाइकाच्या गळ्यात काहीही मारणाऱ्यातला नव्हता. त्याने पुन्हा समजावले, की वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने समोर तोंड असलेला घ्यावा; हा सगळी घरघर फरशीत उतरवतो, खालच्यांच्या छातीत धडधड होते. घ्यायचाच तर निदान बुडाला रबराच्या चकत्या लावा.

“चकत्या नकोत.”

“खाली कोण राहतं काका?”

“भाऊ.”

मग काय, घरचेच माणूस, असे म्हणत दुकानदार हसला. काकांना सिनेमाचा नाद दांडगा दिसतो, असेही म्हणाला. थोरला आजवर एकही सिनेमा न झोपता शेवटपर्यंत पाहू शकला नव्हता. त्याने नुसती मान हलवली.

घर दोघा भावांनी मिळून बांधले होते. आईच्या शेवटच्या आजारपणात थोरल्याच्या तोंडून एक शब्द गेला, धाकट्याने तो मनात धरला, आणि बोलणे तुटले ते तुटलेच. दोघे एकाच माळेचे मणी. माघार कोण घेणार? राहिली ती एकच गोष्ट. वर टीव्ही मोठा झाला, की खालून छताला काठीचे दोन ठोके पडत. “झालं, भावोजींचा निरोप आला,” असे म्हणून थोरल्याची बायको हसे आणि आवाज कमी करी. ती गेली, तसा थोरला मुद्दाम आवाज वाढवू लागला. ठोके पडले की बरे वाटे. कुणीतरी आहे, आणि ते आपल्यावर चिडलेले आहे, एवढेही त्याला पुरत होते.

मध्यंतरी तो लेकीकडे जाऊन राहिला. परत आला, तर ठोके थांबले होते. त्याने टीव्हीवर हाणामाऱ्या लावल्या, बटण शेवटपर्यंत पिळले. खाली हूं नाही की चूं नाही. धाकटा तर सकाळी फाटकाशी धडधाकट दिसे, मान खाली घालून निघून जाई. त्याचे कान गेले असतील किंवा आपला टीव्हीच मरतुकडा आहे, अशी थोरल्याने मनाची समजूत घातली. म्हणून हा वूफर.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा जोडारी आला. बोलका गडी. वायरी ओढता ओढता त्याने सगळ्या बाजारभावांवर मत देऊन टाकले. थोरल्याने वूफर खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवायला लावला; धाकट्याची बैठक त्याच्या खालीच येत होती.

“लावा बिनधास्त,” जोडारी म्हणाला. “खाली काही जायचं नाही.”

“का?”

“खालचं छत आम्हीच केलंय की. तुम्ही मुलीकडे गेला होतात ना, तेव्हाच. चार बोटं जाड गादी भरलीय आत. बाँब फोडला तरी कळणार नाही.”

“त्रास होत असेल त्याला,” थोरला म्हणाला.

“छे हो. खालचे काका म्हणाले, वहिनी गेल्यापासून दादाला टीव्हीचाच आधार आहे. मी उगाच काठी आपटून छळतो. आता त्याला मनासारखं ऐकू दे.”

“मला ‘दादा’ म्हणाला?”

“हो, ‘दादा’च म्हणाले.”

थोरला खाली बसला. जिना उतरून जावे, असे त्याला फार वाटले. पण जाऊन सांगणार काय? तू ठोकायचास तेच मला हवे होते, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? इतक्या वर्षांनी भावाने चांगले म्हणून काही केले, आणि ते असे.

जोडाऱ्याने बटण दाबले. फरशी हादरली, खिडकीची तावदाने थरथरली, थोरल्याच्या तळपायांना मुंग्या आल्या.

“कमी करू का काका?” जोडारी ओरडून विचारत होता.

“राहू दे,” थोरला म्हणाला. “कुणाला त्रास नाही.”