डोमाजीच्या गुडघ्यावरचा बर्फ

मित्रांनो, मैनाबाई दवाखान्यात तापानं वारली, असा फोन गावातल्या दुकानावर आला, त्या दिवशी मला कोणी भरलं नाही. मी बर्फ भरायची जुनी रबरी पिशवी आहे.

यवतमाळच्या औषधाच्या दुकानात मी खिळ्याला टांगलेली होते. मैनाबाईनं मला नवऱ्यासाठी, डोमाजीसाठी, विकत घेतलं. झालं होतं असं, की कापूस खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग हलत नव्हती. डोमाजी भरल्या गाडीवर झोपला आणि झोपेतच खाली पडला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "व्यायामानंतर बर्फ. मध्ये फडकं ठेवा. पंधरा मिनिटांनी काढा."

मैनाबाई गावातल्या दुकानाच्या फ्रिजमधून बर्फ आणायची. लोडशेडिंगमुळे त्यात निम्मं पाणीच असायचं.

"अवं, पाय गोठून राह्यला माहा!" डोमाजी ओरडायचा.

"गोठू द्या जी. बोंबलायले जोर हाय, वाकवायलेच नाही?"

तो हसायचा आणि गुडघा आणखी थोडा वाकवायचा. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, वेचणीला मजूर परवडत नव्हते. उरलेला कापूस दोघं मिळून वेचणार होती.

तेरवीनंतर डोमाजीची बहीण मथुराबाईनं वहिनीच्या वस्तू नाल्यावर टाकायला गाठोड्यात बांधल्या. लुगडी, फणी आणि मी. मग तिनं रुईची पानं आणि तापलेली वीट आणली.

"भाऊ, शेक घे. गारव्यानं पाय आखडते."

"मांगं तूच शेकलं होतं ना? गुडघा भोपळ्यावानी फुगला होता."

"मेलेल्या बाईची वस्तू घरात ठेवत नाही!"

"ते माह्या पायाची हाय, मथुरे. सोड गाठोडं."

त्यानं मला बाहेर ओढलं. काठी टेकत तो स्वतः दुकानावर गेला. ओट्यावर बसलेला दुकानदार खेमसिंग म्हणाला, "कापसाले भाव नाही, डोमाजी. कायले पाय वाकवून राह्यला?"

"भाव पाहून वाकवते का कोनी? बर्फ भर."

आता तो एकटाच व्यायाम करतो. मला गुडघ्यावर ठेवतो आणि पूर्वीसारखाच ओरडतो. मग स्वतःच गुडघा आणखी थोडा वाकवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मला भरतो.

मित्रांनो, मला उघड्या कातडीवर ठेवू नका. काम झालं की पाणी काढून उलटी टांगा. आणि माणूस गेलं म्हणून त्यानं लावलेलं औषध बंद करू नका.

या आठवड्यात डोमाजीनं उभ्यानं वेचता येतील तेवढी वरची बोंडं वेचली. खाली बसून वेचायची अजून राहिली आहेत.