गच्चीवरचा वाटाणा

गोजरबाईंनी जुनं लुगडं झटकलं आणि वाटाण्याच्या वेलांवर पांघरलं. दुपार कलली की हर्सूल तलावाकडून सुटलेला वारा गच्चीवर बोचू लागायचा. लुगड्याची टोकं त्या विटांखाली दाबत होत्या, तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष काकासाहेब जिना चढून आले.

“मावशी, हे सगळं रविवारच्या आत काढा. गच्ची सगळ्यांची आहे.”

“मंग सगळ्यांनी लावावं की. मी कुणाला नाय म्हनले?”

“खाली यमुनाबाईंच्या छताला ओल येईल.”

“येईल, का आली?”

काकासाहेबांनी एक रिकामी बादली उगाच पायानं बाजूला सारली. “तक्रार आलीये,” एवढं बोलून ते उतरले.

गोजरबाईंच्या लेकानं, धम्मपालनं, या इमारतीत घर घेतलं आणि आईला वैजापूरकडच्या गावाहून इथं आणलं. हाताला काम नाही म्हणून त्यांचा जीव घरात रमेना. फुटके टब, रंगाचे डबे, फळांचे क्रेट गोळा करून त्यांनी गच्चीवर माती चढवली. पावसाळ्यात भेंडी आली, गवार आली. थंडी पडल्यावर मेथी, गाजर, घेवडा आणि वाटाणा. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली तेवढा पुदिना जगवायच्या. जे निघेल ते सुपात घेऊन दारोदार वाटायचं, हा त्यांचा नेम. यमुनाबाईही घ्यायच्या, उंबऱ्याच्या आत उभ्या राहून, हसून. ‘आत या’ मात्र कधी म्हणाल्या नव्हत्या.

मग एकदा यमुनाबाईंकडे भांडी घासणारी पारूबाई जिन्यात भेटली.

“मावशी, तुमची मेथी लई गोड. बाई समदी मलाच देऊन टाकत्यात.”

पुढच्या खेपेला सुपात जरा जास्तच मेथी घेऊन गोजरबाई यमुनाबाईंच्याच दारात उभ्या राहिल्या.

“कशाला जातेस, आई?” धम्मपाल चिडला. “आपल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो पाहिल्यापासून त्या आपल्याकडं पाणीसुद्धा पीत नाहीत. तुला कळत नाही का?”

“कळतंय. गावात असल्याच लोकांच्या वावरात मी जल्मभर खुरपलं. तवा माझ्या हातची ज्वारी त्यायच्या पोटात जायची. आता माझी मेथी का जाईना, ते मला पाहायचंय.”

रविवारी काकासाहेब दोन माणसं घेऊन आले. त्यांनी पहिला क्रेट उचलला तशी गोजरबाईंनी त्याची दुसरी कड धरली.

“आधी ओल दाखवा.”

“मावशी, वाद नको.”

“वाद नाय. ओल दाखवा. मंग मीच समदं खाली नेते.”

आणि त्या जिना उतरू लागल्या. काकासाहेबांना मागोमाग जावंच लागलं. यमुनाबाईंनी दार उघडलं. गोजरबाईंनी चपला काढल्या आणि कुणी या म्हणायच्या आत उंबरा ओलांडला. बैठकीत उभं राहून मान वर करून पाहिलं. मग आतल्या खोलीत. स्वयंपाकघरापाशी आल्या तेव्हा यमुनाबाईंचा हात चौकटीवर आडवा गेला. गोजरबाई थांबल्या. त्या हाताकडं पाहत राहिल्या. हळूहळू हात खाली आला.

तिथलंही छत खडखडीत कोरडं होतं.

“यमुनाबाई, तक्रार तुमचीच होती ना?” काकासाहेबांनी विचारलं.

यमुनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “त्रास होतो म्हणाले होते मी. ओल आहे असं नव्हते म्हणाले.”

“मंग कसला तरास?” गोजरबाई म्हणाल्या.

काकासाहेब मोबाइल काढून त्यात पाहू लागले.

“ऱ्हाऊ द्या. आजपासून मी तुमच्या दारात यायची नाय. पर झाडं बी हलायची नाय. भाजी लागली तर वर यायचं अन् आपल्या हातानं तोडायची.”

त्या जिना चढल्या. गुडघे दुखत होते, तरी मध्ये कुठं टेकल्या नाहीत. माणसांनी हलवलेला क्रेट त्यांनी स्वतःच ओढून जागेवर नेला.

भोगीच्या सकाळी ऊन अजून कोवळं होतं. जिन्यात थांबत थांबत पावलं वाजली. यमुनाबाई कठड्याला धरून धापा टाकत होत्या. हातात रिकामी परडी.

“भोगीच्या भाजीला वाटाणा हवा होता.”

“बाजारात लई आलाय.”

“माहीत आहे.”

गोजरबाई उठल्या नाहीत. मेथीतलं गवत उपटत राहिल्या. यमुनाबाई पदर खोचून क्रेटपाशी वाकल्या. एक शेंग तोडली. ती परडीत न टाकता अंगठ्यानं उकलली आणि दाणे तिथंच, न धुता, तोंडात टाकले. सावकाश चावले.

गोजरबाईंच्या हातातलं गवत हातातच राहिलं. यमुनाबाईंचा हात आता कडेच्या वेलाकडं वळला होता.

“तिकडच्या नका तोडू,” गोजरबाई म्हणाल्या. “त्या बियाण्याला राखल्यात. पुढच्या सालच्या.”